फेस्टस गेरॅटी कुठे बसतो

बरबँकच्या या तळघरात उन्हाळा उतरत नाही.
वर रस्त्याचं डांबर पाघळतं, खाली मी स्वेटर घालून
डबे उघडते. वास येतो
बिघडलेल्या लोणच्याचा. म्हणजे फिल्म आंबली,
घाई करायला हवी.

यंदा माझ्या वाट्याला विनोदपट आले,
काळेपांढरे, तीसेक. सगळ्यांत हा आहेच.
नायक बदलतात, नायिकांच्या भुवया बदलतात,
कुत्रासुद्धा बदलतो,
दार उघडायला मात्र हाच.
फेस्टस गेरॅटी. गॉलवेहून बोटीनं आलेला.
तिकडे रंगभूमीवर म्हणे राजे केले,
इकडे पोलीस, बटलर, गुत्तेवाला,
पुन्हा पोलीस,
एकदा पाद्री, तोही तळ्यात पडणारा.
श्रेयनामावलीत सातवा, कधी नववा.
आमच्याकडे असता तर भालदार-चोपदारांत
जन्म गेला असता, शेला नीट करत.

पडतो मात्र असा की बघत राहावं.
सूपचं भांडं छातीशी धरून
एकेका पायरीची विचारपूस करत
पाठीवरून खाली येतो, थेंब सांडत नाही,
उठतो, कोट झटकतो,
आणि शिंकतो.
तेव्हा सांडतं.
अडुसष्ट वर्षांचा होता तेव्हा.
तो जिना मी चौकट चौकट करत उतरले आहे,
सेकंदाला चोवीस.
नवव्या पायरीवर त्याचा हात कठड्याकडे जातो,
खराच जातो, नटाचा नव्हे,
लक्षात येताच तो माघारी घेतो.
थिएटरात हे कोणाला दिसलं नसणार.
हशा केवढा असेल.

मार्चमध्ये वूस्टरहून फोन आला.
त्याची भाची, ब्रीजी मॅकहेल, नव्वदीला टेकलेली,
आवाज असा, जणू दुधाचा हिशेब विचारतेय.
मामा नाताळात यायचा, म्हणाली,
जेवायचासुद्धा उभ्यानं, खिडकीशी, ताटली हातात.
आई म्हणायची, अरे बस की.
तो म्हणायचा, बसलो की माझे पैसे कापतात.
आम्ही हसायचो. विनोदी नट ना तो.
मग फोनवर बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग: तुमच्याकडे त्याचं सगळंच आहे म्हणतात.
बघाल का, कुठे बसलाय का?

बघितलं. घरी जायची वेळ टळून गेल्यावर बघत राहिले.
तो बसायला जातो आणि खुर्ची ओढली जाते,
असं अकरा वेळा.
बसतो तिथे मांजर असतं. बसतो तिथे ओला रंग.
एका बागेत बाकावर टेकतो
तर बाकच मोडतो,
आणि हा टोपी काढून माफी मागतो
बाकाची.
(इथे मी एकटीच मोठ्यानं हसले. पहारेकरी डोकावून गेला.)

जूनमध्ये सापडला. शेवटच्या रिळात,
चुंबनाच्या मागे.
पुढे ती दोघं, लख्ख, दुधाळ उजेडात,
आणि लांब फाटकापाशी, धूसर,
पालथ्या बादलीवर तो.
हात गुडघ्यांवर. तोंड किंचित उघडं.
त्याला वाटलं असणार, कॅमेरा आपल्यावर नाही.
नव्हताच.
संगणकानं त्याच्याभोवती लाल चौकोन काढला होता:
डाग. पुसू का?
नको, म्हटलं.

एकाहत्तर चौकटी. तीन सेकंदांना एक कमी.
त्यातली एक मोठी करून कागदावर काढली,
पुठ्ठा घालून टपालानं पाठवली.

उत्तराचं कार्ड आलं, पेन्सिलीनं लिहिलेलं.
पोचला. तोच आहे, कान आमच्या आईचे.
बसलाय, हो.
पण त्याच्या टाचा बघा.

मी डबा पुन्हा उघडला, भिंग लावलं.
टेकलेल्या नव्हत्या.